आधी खतावणी, मग संगणक
हिशेबाच्या कामावर परतू इच्छिणाऱ्यांसाठी

कापडाच्या पेढीवर हिशेबनिसाची जागा रिकामी आहे असे कळले की विचारायला येणाऱ्यांत अलीकडे तीन प्रकारची माणसे दिसतात. काही जण दहा-पंधरा वर्षे आखाती देशांत कॅशियर किंवा अकाउंट्स क्लार्क होते आणि आता कायमचे घरी परतले आहेत. काही भगिनी बी.कॉम. झालेल्या असतात, लग्नाआधी एखाद्या ऑफिसात व्हाउचर लिहीत होत्या, मुले मोठी झाल्यावर पुन्हा काम करू इच्छितात. काही जुने मुनीम असतात. हाताने वही लिहिण्यात तरबेज, पण संगणक आला आणि ते बाजूला पडले. तिघांचाही प्रश्न एकच: मधली वर्षे भरून कशी काढायची? क्लासची फी परवडत नाही, वेळ जुळत नाही, आणि वीस वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसण्याचा संकोच वाटतो. मग घरी बसून अभ्यास करता येईल काय?

करता येतो. हिशेबशास्त्र हा घरी शिकता येण्याजोगा विषय आहे, कारण त्यात उत्तर बरोबर की चूक हे तेरीज स्वतःच सांगते. पण बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. टॅलीचा महिन्याभराचा कोर्स केला, प्रमाणपत्र मिळाले, की आपण तयार झालो असे त्यांना वाटते. पेढीवर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात परत आलेल्या मालाची नोंद कुठे करायची हे सुचत नाही. संगणक बेरीज करतो. कोणते खाते नावे आणि कोणते जमा हे माणसालाच ठरवावे लागते.

टॅली वाईट आहे असे मुळीच नाही. १९८६ मध्ये बंगळूरला हा उद्योग उभा राहिला तो आपल्याच धंद्याच्या अंगणात. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना माल पुरवत असत. त्यांना हिशेबासाठी सोयीचा प्रोग्रॅम सापडेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी तो लिहिला. व्यापाऱ्याच्या गरजेतून निघाल्यामुळेच तो पेढ्यापेढ्यांवर रुळला. आज त्याची शैक्षणिक आवृत्ती लायसन्स न घेता चालवता येते. तीत महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी होतात, पण सरावाला तेवढे पुरे. म्हणजे त्यासाठी क्लासला पैसे भरण्याचे फारसे कारण उरत नाही. मात्र ती पायरी दुसरी आहे.

पहिल्या पायरीसाठी मी बालभारतीची अकरावी आणि बारावीची 'पुस्तपालन व लेखाकर्म' ही पाठ्यपुस्तके सुचवतो. पदवीधरांना हे ऐकून राग येतो. पण दहा वर्षे विषयापासून दूर असलेल्याने पदवीच्या जाड पुस्तकात शिरण्यापेक्षा अकरावीचे पुस्तक पहिल्या पानापासून सोडवावे. रोजकीर्द, खतावणी, सहायक पुस्तके, बँक जुळवणी पत्रक, घसारा, चुकांची दुरुस्ती, एकट्या मालकाच्या पेढीची अंतिम खाती असा क्रम त्यात आहे आणि तो योग्य आहे. बारावीच्या पुस्तकात भागीदारी येते. आपल्याकडच्या निम्म्या पेढ्या भाऊभाऊ किंवा चुलते-पुतणे भागीदारीत चालवतात. नवा भागीदार आला, एखादा निवृत्त झाला किंवा अल्लाहला प्यारा झाला, तर भांडवल, नावलौकिक आणि मागील नफ्याचा हिशेब कसा करायचा, हे त्या चार प्रकरणांत आहे. ज्या घरांत वाटणीवरून बोलणे बंद झाले आहे, त्यांपैकी कित्येकांच्या वह्यांत ही नोंद कधी झालेलीच नसते.

पुस्तक वाचून बाजूला ठेवू नये. फूटपट्टी घेऊन वहीत रकाने आखावेत आणि प्रत्येक उदाहरण हाताने सोडवावे. फजरनंतरचा एक तास आणि रात्री अर्धा तास एवढे नियमाने दिले, तर माझ्या अंदाजाने पाच-सहा महिन्यांत दोन्ही पुस्तके नीट होतात.

उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना मराठी पुस्तकाची भीती वाटते. माझेही शालेय शिक्षण उर्दूतूनच झाले, म्हणून सांगतो की भीतीचे कारण नाही. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख हे शब्द आपल्या घरचेच आहेत. मराठी पेढीने ते कित्येक पिढ्यांपूर्वी घेतले. अडतात ते ऋणको, धनको, घसारा, तेरीज, लेखापरीक्षण असे वीस-पंचवीस शब्द. एका वहीत तीन रकाने पाडून मराठी, उर्दू आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी लिहून काढले की महिन्याभरात ते सवयीचे होतात. इंग्रजी रकाना टाळू नये. बँकेचे कागद आणि टॅलीचा पडदा इंग्रजीत असतो.

खरी गफलत दोन ठिकाणी होते. पहिली जुन्या मुनीमांची. देशी नाम्यात जमेची बाजू डावीकडे व नावेची उजवीकडे असते. पुस्तकातल्या खतावणीत नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. वर्षानुवर्षे एका हाताने लिहिलेले दुसऱ्या हाताने लिहायला लागल्यासारखे होते. त्यात उर्दू लिहिणाऱ्याचा डोळा उजवीकडून पानावर उतरतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'नावे' आणि 'जमा' ठळक लिहावे, एवढाच इलाज.

दुसरी गफलत पासबुकाची. तुमच्या वहीत बँकेत असलेली शिल्लक बँक खात्याच्या नावे बाजूला दिसते; तीच रक्कम बँकेच्या पासबुकात जमा म्हणून छापलेली असते. नवशिक्याला वाटते की दोघांपैकी एक चुकतो आहे. चुकत कोणीच नसते. पासबुक ही बँकेच्या वहीतल्या तुमच्या खात्याची नक्कल आहे, आणि बँकेच्या वहीत तुम्ही धनको आहात. ज्याच्या डोक्यात हा एक मुद्दा पक्का बसला, त्याला नावे-जमा समजले असे मी धरतो. ज्याला नाही, त्याने पुढचे प्रकरण उघडू नये.

आता पदवीधरांसाठी. महाराष्ट्र शासनाच्या सहकार खात्यातर्फे 'सहकार व लेखा पदविका' म्हणजे जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा घेतली जाते. सहकार आयुक्तांचे कार्यालय, पुणे येथून तिची सूचना निघते आणि परीक्षा साधारण मे महिन्यात होते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. कॉलेजात नाव घालावे लागत नाही, आणि उत्तरे मराठीतून लिहिता येतात. सहा प्रश्नपत्रिका असतात: हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास-तत्त्वे-व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, आणि गृहनिर्माण व इतर सहकारी संस्था. घरी अभ्यास करून देण्याजोग्या परीक्षांत आपल्या राज्यात मला ही सर्वात उपयोगी वाटते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली प्रत्येक संस्थेचे दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे लागते, आणि संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी जी अर्हता धरली जाते तीत ही पदविका आहे. अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी पाहून घ्याव्यात. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज कुठेही पाहा, गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. त्यांचे दप्तर नीट लिहू शकणारी माणसे मात्र शोधावी लागतात. घराबाहेर पूर्ण दिवस देऊ न शकणाऱ्या भगिनींना चार-पाच संस्थांचे दप्तर सांभाळणे जमण्यासारखे आहे.

जे पदवीधर नाहीत त्यांना ही वाट बंद आहे; पण खाजगी पेढीवर पदविका कोणी विचारत नाही. तिथे काम येते की नाही हे पाहतात. ते काम काय असते, हे आपल्या कापडधंद्यातल्याच एका हिशेबावरून पाहू.

विणकराकडून १,००० मीटर ग्रे कापड ३० रुपये मीटरने घेतले: ३०,००० रुपये. ते रंगाईला पाठवले; मजुरी ग्रे मीटरवर ८ रुपये: ८,००० रुपये. एकूण ३८,०००. बाजारात भाव ४१ मिळतो. शेठ मनात म्हणतो, मीटरमागे ३ रुपये, म्हणजे ३,००० सुटले. पण प्रोसेसहून माल ९६० मीटर परत आला. ४० मीटर घट आणि आटण्यात गेले. विक्री झाली ९६० गुणिले ४१, म्हणजे ३९,३६० रुपयांची. दलाली एक टक्का, ३९३ रुपये ६० पैसे. रोख दिल्याबद्दल गिऱ्हाइकाने दोन टक्के वटाव कापला, ७८७ रुपये २० पैसे. हातात आले ३८,१७९ रुपये २० पैसे. नफा १७९ रुपये २० पैसे, आणि अजून टेम्पोचे भाडे द्यायचे आहे.

या व्यवहारात कोणी फसवलेले नाही. घट, दलाली आणि वटाव यांची वेगवेगळी खाती नसली तर वर्षअखेर एवढेच दिसते की उलाढाल वाढली आणि पैसा राहिला नाही. ही तीन खाती उघडून प्रत्येक लॉटची मीटरवार नोंद ठेवणारा हिशेबनीस पगाराच्या पलीकडे कमावून देतो. इथे नवशिक्यांची एक ठराविक चूक सांगून ठेवतो: खरेदी आणि मजुरीवर भरलेला ५ टक्के जीएसटी ते किमतीत मिसळतात. तो वरच्या हिशेबात १,५०० आणि ४०० मिळून १,९०० रुपये होतो. त्याची वजावट मिळते, म्हणून तो वेगळ्या खात्यात जातो. विक्रीवरचा कर १,९६८ रुपये. त्यातून १,९०० वजा जाऊन भरायचे राहतात ६८.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. ज्यांनी त्याआधी काम सोडले, त्यांच्यासाठी हा सगळा भाग नवा आहे. आखातातून आलेल्यांना मूल्यवर्धित कराची ओळख असते, कारण अमिरात आणि सौदी अरेबियात तो १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाला. पण तिथे एकच कर. आपल्याकडे राज्यातल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग, आणि परराज्यात माल गेला की तिसरे खाते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ११ तारीख विक्रीच्या तपशिलाची, २० तारीख कर भरण्याची. मधल्या १४ तारखेला पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी पोर्टलवर तयार होते. त्या यादीत बिल नसेल तर १ जानेवारी २०२२ पासून वजावट घेता येत नाही. म्हणून १४ ते २० हा आठवडा हिशेबनिसाचा: यादी आणि खरेदी वही समोरासमोर ठेवून कोणत्या विणकराचे बिल राहिले ते काढायचे आणि त्याला फोन करायचा. कराचे दर पाठ करण्यात वेळ घालवू नये, ते बदलत राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम सुताचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाच.

अभ्यासक्रमात नसलेला आणि बाजारात सर्वात जास्त लागणारा विषय म्हणजे उधारीच्या मुदती. कापडात नव्वद दिवस, एकशेवीस दिवस ही जुनी रीत. तिला आता तीन कायद्यांच्या तीन मुदती येऊन भिडल्या आहेत.

पहिली पंधरा आणि पंचेचाळीस दिवसांची. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. कायदा जुनाच होता. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला दात दिले: २०२३-२४ या वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. ३१ मार्चला विणकराचे मुदत टळलेले दोन लाख देणे असेल, तर ते दोन लाख त्या वर्षी नफ्यात मिळवून आयकर लागतो. म्हणून प्रत्येक पुरवठादाराच्या खात्यावर तो उत्पादक आहे की व्यापारी, त्याचा उद्यम नोंदणी क्रमांक काय आणि तो सूक्ष्म, लघु की मध्यम, हे लिहिलेले हवे. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनाही नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. आपल्याला वेळेवर द्यावे लागते आणि घेताना मात्र वाट पाहावी लागते. तक्रार रास्त आहे, पण वही तक्रारीवर चालत नाही.

दुसरी मुदत १८० दिवसांची: तेवढ्या दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते. तिसरी तीन वर्षांची, १९६३ च्या मुदत कायद्याची. तीन वर्षे उलटली की बुडीत उधारीसाठी दावा लावता येत नाही. मात्र मुदतीच्या आत गिऱ्हाइकाने बाकी कबूल असल्याची लेखी सही दिली, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक गिऱ्हाइकाला खात्याचा उतारा पाठवून बाकी कबुलीवर सही-शिक्का आणणे हे हिशेबनिसाचे काम. घरी सराव करताना वीस खात्यांची उधारी वयवार मांडून पाहावी: ४५ दिवसांच्या आतली, १८० पर्यंतची, वर्षापर्यंतची, त्यापुढची. टॅली ही यादी एका कळीत देते, पण बिलवार नोंद केली असेल तरच.

जकातीचा हिशेबही पेढीवर हिशेबनिसाकडेच येतो, आणि तिथे ताळेबंदाचा आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. ताळेबंदात शिल्लक माल खरेदी किंमत आणि बाजारभाव यांपैकी कमी असेल त्याने धरतात; जकातीसाठी त्या दिवसाचा बाजारभाव. ताळेबंद ३१ मार्चचा, जकातीचे वर्ष चांद्र आणि सुमारे ११ दिवसांनी लहान. ज्याचा माल-खतावणीचा हिशेब रोजचा रोज पुरा असतो, तो रमजानच्या ठरलेल्या तारखेला अर्ध्या तासात यादी देतो. येणी-देणी कशी धरायची हे मात्र आपापल्या आलिमांना विचारावे. व्याजाच्या नोंदींचा प्रश्नही त्यांच्याकडेच न्यावा, कामावर जाण्याआधी.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, जी कुरआनातील सर्वात दीर्घ आयत आहे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असे तीत सांगितले आहे. लिहिणाऱ्याला त्रास देऊ नये हेही त्याच आयतीत आहे, आणि ते आपण शेठ लोक विसरतो. पक्की एक आणि कच्ची एक अशा दोन वह्या लिहायला लावणे हा त्रासच. नोकरीसाठी नव्याने परतलेला माणूस नाही म्हणायला घाबरतो, आणि चौकशी आली तर सही त्याची निघते. भगिनींच्या बाबतीत तर हे आधीच, वडील किंवा भाऊ बरोबर असताना, स्पष्ट बोलून घ्यावे.

मुलाखतीला येताना प्रमाणपत्रांपेक्षा एक फाइल आणावी. एका काल्पनिक पेढीचे तीन महिन्यांचे व्यवहार स्वतः रचून त्यांची रोजकीर्द, खतावणी, तेरीज, बँक जुळवणी आणि ताळेबंद त्यात हाताने लिहिलेले असावे, आणि तेच टॅलीतून छापलेले. मधल्या वर्षांबद्दल विचारले तर जे आहे ते सांगावे. फाइल पाहिल्यावर तो प्रश्न मागे पडतो. बऱ्याच पेढ्यांवर उमेदवारापुढे एक रोकड वही आणि एक पासबुक ठेवून जुळवून दाखवायला सांगतात. न जुळल्यास घाबरून सगळ्या बेरजा पुन्हा करत बसू नये. आधी फरकाची रक्कम पाहावी. तिला दोनने भागून येणारा आकडा वहीत सापडला, तर तो चुकीच्या बाजूला लिहिला गेला असण्याचा संभव. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी दोन अंक उलटे पडले असावेत: ५,४३० चे ५,३४० झाले की फरक ९० येतो. दोन्ही नाही, तर बँकेने कापलेला आकार शोधावा, तो बहुधा पासबुकाच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत असतो.